लाल ठिपका

तंजावरच्या आमच्या घरात कॉफी टंबलरला ओठ न लावता, वरून ओतून पितात. थायरॉइडला गाठ आली आणि मला मान मागे टाकून गिळता येईना, म्हणून मी टंबलर सरळ तोंडाला लावू लागले. तपासणीत सार्कॉइडोसिस निघाला, क्षयासारख्याच गाठी आणणारा आजार. हा क्षय नाही, कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी सासूबाईंच्या समोर सांगितलं. तरी घरी येताच त्यांनी माझा टंबलर वेगळा काढला आणि त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. नेलपॉलिश माझंच होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी फडताळातल्या प्रत्येक टंबलरला तसाच ठिपका दिला आणि मग कॉफी ठेवली. आता शोधा म्हणावं माझा कुठला.