परातीतली लोकसभा

“मतमोजणीच्या दिवशी, स्वतःच्या दुकानाच्या गादीवर, जिवलग मित्राच्या तोंडचा एक शब्द जिव्हारी लागला आणि शेठजींनी तिथेच प्राण सोडला.”

हे वाक्य शेठच्या पुतण्याने काढलेल्या स्मरणिकेत छापले आहे. तो जिवलग मित्र म्हणजे मी. माझे नाव त्यात नाही. पण जळगावच्या दाणाबाजारात ते छापण्याची गरजही नाही. मी तिथून निघालो की पाठीवरचे पोते सावरीत एखादा हमाल शेजारच्याला सांगतो, “हेच ते मास्तर. मुठीवाले.”

वाक्य खोटे आहे. पुतण्याला सोडून द्या; तो त्या दिवशी एरंडोलला होता आणि त्याने जे ऐकले ते बाजाराने चघळून टाकलेले होते. परंतु शेठच्या पत्नी, ज्यांना मी उभे आयुष्य अक्का म्हणत आलो, त्याही तेच खरे धरून बसल्या आहेत, आणि त्यांच्या घराची पायरी मला बंद झाली आहे. म्हणून हे लिहितो.

बाजार म्हणतो की आम्ही दोघे जागांवर सट्टा लावीत होतो. हेही खोटे. आम्ही लोकसभा मांडीत होतो. दुकानात डाळीचे नमुने दाखवायची एक मोठी पितळी परात होती. मतमोजणीच्या दिवशी ती गादीवर येई आणि निकाल येत जातील तसा एका जागेचा एक दाणा तिच्यात पडे. पूर्वी रेडिओवर ऐकून, नंतर टीव्ही पाहून. त्याच्या पक्षाची तूर, माझ्या पक्षाचा हरभरा. बाकीच्यांना मूग, उडीद, मसूर, मटकी. अपक्षांना तीळ, कारण, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, ते कोणाच्याही लाडवात चालतात. संध्याकाळपर्यंत परातीत अर्धवर्तुळ भरत येई आणि सगळा देश त्यात रंगीबेरंगी बसलेला दिसे.

आमचे खरे भांडण तांदळाच्या दोन दाण्यांवरून होते. पाचशे त्रेचाळीस निवडून आलेल्यांखेरीज राष्ट्रपतींनी नेमलेले दोन सभासद त्या काळी सभागृहात असत. मी धुळ्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आणि मग जळगावात येऊन राहिलेला माणूस. माझे म्हणणे, निकालाच्या परातीत नेमलेल्यांचे काम नाही. त्याचे म्हणणे, “कोनी निवडो का न निवडो, बसतस ना त्या? मग बसाडानं.” आणि तो दोन दाणे तांदूळ परातीच्या कडेला ठेवून द्यायचा. मी उचलायचो. तो पुन्हा ठेवायचा.

मधल्या काळात एखादा पक्ष फुटला की तो दुकानातूनच ओरडे, “मास्तर, तुना पक्ष फुटना! आते त्यानी दाय कर!” आणि मी पायरी चढेपर्यंत अख्ख्या हरभऱ्याच्या जागी चण्याची डाळ मांडलेली असे. मी म्हणे, “आपल्या देशात द्विदल पद्धत नाही, शेठ. ती फक्त तुझ्या दुकानात आहे.” त्यावर तो गुडघ्यावर हात आपटून हसे, आणि चहा सांगे, आणि चहा येईपर्यंत पुन्हा भांडण सुरू. धुळे जिल्ह्यातले गाव सोडून तो जळगावात स्थायिक झाला, घर इथे, धंदा इथे. पण मत मात्र त्याने शेवटपर्यंत तिकडेच ठेवले आणि दर निवडणुकीला ते द्यायला तो मला सोबत घेऊन धुळ्याला जाई. अशा दोन माणसांच्या बोलण्यातला एक शब्द उचलून त्याची सुरी करणे सोपे आहे.

आता त्या दिवसाविषयी. मी ते वाक्य बोललो नाही असा माझा दावा नाही. दुकानात गर्दी होती, टीव्ही मोठ्याने लावला होता, बाहेर माझ्या पक्षाचे लोक फटाक्यांच्या माळा लावीत होते. तूर परातीत इथे तिथे, पेरणी चुकलेल्या वावरासारखी विरळ दिसत होती. मी ती सगळी गोळा करून त्याच्यासमोर ढीग केला आणि म्हणालो, “उचल, शेठ. तुझा पक्ष मुठीत मावतो.”

लोक हसले. त्याने त्या दाण्यांवर हात ठेवला आणि मूठ मिटली. मान खाली गेली. मला वाटले, उत्तर शोधतो आहे. गर्दी टीव्हीकडे वळली तेव्हा मी जवळ सरकून, फक्त त्याच्यासाठी, म्हणालो, “मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या खेपेला परात भरेल. तुझे दाणे मी माझ्या हाताने मांडीन.” तेवढ्यात त्याची मूठ सैल झाली आणि तूर गादीवर सांडू लागली.

वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. अक्का दारातच उभ्या राहिल्या.

“मास्तर, तुम्ही ते बोलाले नको व्हतं.”

“अक्का, शेठ माझं असलं बोलणं रोज ऐकून घेत होता.”

“रोजनं येगळं. त्या दिनले त्यासनं बठ्ठं जायेल व्हतं, काहीच उरेल नव्हतं.”

आतून कोणीतरी पाट मांडल्याचा आवाज आला. त्या आत गेल्या. मला कोणी बोलावले नाही.

त्यानंतर जी निवडणूक झाली, तिच्या मतमोजणीला मी घरीच बसलो. टीव्हीवर हल्ली ते अर्धवर्तुळ तयारच दाखवतात, रंगीत ठिपक्यांचे; मला ते ठिपके दिसत नाहीत, धान्य दिसते. मी स्वयंपाकघरातून ताट आणले आणि मांडू लागलो. तुरीवर हात गेला तोच मागून, अगदी खांद्याजवळून, आवाज आला, “नीट मोज रे मास्तर. तू कायमना कच्चा शे.” मी वळलो नाही. मला ठाऊक आहे की वळून पाहण्याजोगे तिथे काही नव्हते, आणि हेही ठाऊक आहे की मी ते ऐकले. त्याच्या पक्षाला किती दाणे पडले ते इथे लिहीत नाही. ज्याला कळायला हवे त्याला कळले. नेमलेल्यांच्या त्या दोन जागा आता घटनादुरुस्तीने गेल्या आहेत. तरी ताटाच्या कडेला मी दोन दाणे तांदूळ ठेवले, आणि या वेळी ते कोणी उचलले नाहीत.

दुसरे वाक्य, परात भरेल म्हणालो ते, त्याने ऐकले असावे असे मला किती वाटते हे मी सांगू शकत नाही. तेवढे एक ऐकून तो गेला असेल तर माझी सारी कैफियत मी आज मागे घेईन. पण दुसरे ऐकले म्हणायचे तर पहिलेही ऐकले म्हणावे लागेल. म्हणून मी दोन्हींवर पाणी सोडले आहे, आणि त्याला दिलेला शब्दही आज मोडतो.

शेठला ऐकू येत नव्हते. शेवटची दोनेक वर्षे तो कानात बसणारे एक बारीकसे यंत्र लावी, टोपीची कड त्यावर ओढून. हे तिघांनाच ठाऊक होते: त्याला, अक्कांना आणि मला. दाणाबाजार बोलीवर चालतो. ज्याचे कान गेले त्याला तिथे सगळे आंधळाच समजतात. “कोनलेच सांगू नको,” असे त्याने माझ्याकडून वदवून घेतले होते, आणि स्मरणिका वाचूनही मी ते पाळले. गोंगाटात ते यंत्र शिट्टी घाली, डोके उठवी. त्या दिवशी त्याला नेले त्या इस्पितळात त्याचे सामान माझ्या हाती दिले गेले, तेव्हा पुतण्याच्या नजरेस पडू नये म्हणून मी ते यंत्र मुकाट्याने माझ्याकडे ठेवले. अक्का, ते त्याच्या कानात नव्हते. सदऱ्याच्या खिशात होते, रुमालात गुंडाळून ठेवलेले, बंद.