तांब्याच्या हंड्यांतला समुद्र

साताऱ्यातल्या एका बंगल्याच्या कारभाऱ्याने मला फसवले. मी कोकणातून आणलेले समुद्राचे चांगले पाणी त्याने नासवले आणि दोष माझ्या माथी मारला. त्याचा पुरावा दर्याकाकांनी डोळ्यांनी पाहिला होता.

दर्याकाका आष्ट्याचे. तरुणपणी मुंबईला बोटीवर खलाशी होते. लढाईच्या दिवसांत ते त्याच बंगल्यात काचेच्या टाकीतले समुद्राचे मासे सांभाळत. टाकीजवळ येणाऱ्याचा हात ते आधी हुंगत. साबण, तंबाखू, खोबरेल, कशाचाही वास आला की माणूस परत. खुद्द मालकिणीला त्यांनी सांगितले होते, "आवं बाईसाहेब, अत्तर लावून लग्नाला जावा. हितं नगं."

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हते, माझी लॉरी कोळशावर चालायची. समुद्राच्या पाण्याची लाकडी पिंपे घेऊन कुंभार्ली घाट चढता चढता ती माझ्याहून जास्त तापायची. काका थेंबभर पाणी जिभेवर घेत आणि म्हणत, "झ्याक हाय." तोंडी पावती मी आयुष्यात फक्त त्यांचीच मानली.

एकदा काका जत्रेला गावी गेले असताना मी पिंपे उतरवून गेलो. पुढच्या खेपेला आलो तर अंगणात कारभारी ओरडत होता, "तुझ्या कुजक्या पाण्यानं मासे मरायला लागलेत." मीही भडकलो. "आता थेंब उतरवणार नाही. आधी शब्द मागे घे."

तेवढ्यात काका गावाहून आले. टाकीत मासे वर येऊन तोंड उघडत होते, एक तर आडवा पडला होता. शेजारी स्वयंपाकघरातले बिनकल्हईचे तांब्याचे हंडे, आतून हिरवे. तांब्यात पाणी शुद्ध होते म्हणून कारभाऱ्याने माझे पाणी त्यांत साठवून मग टाकीत ओतले होते.

"ताक ठेवतोस व्हय रं तांब्यात?" काका त्याला म्हणाले. "मग हे खारं पानी कसं ठेवलंस? कळकलं की, ईख उतरलं त्यात." मग माझ्याकडे वळले. "भांडान मागनं कर गड्या. माशांचा दम चाललाय."

मी पिंप उतरवले. लोणच्याच्या कोऱ्या बरण्यांत ताजे पाणी भरून काकांनी त्या टाकीतच उभ्या केल्या, म्हणजे दोन्हीकडची ऊब सारखी व्हावी. मासे हाताने न धरता वाडग्याने अलगद उचलून बरण्यांत सोडले, वरून पंचा टाकून अंधार केला आणि माझ्या हाती सायकलचा पंप दिला. "हळू मार. ही काय तुझी लॉरी न्हाई." संध्याकाळपर्यंत आम्ही आळीपाळीने पंपाने बरण्यांतल्या पाण्यात हवा सोडत बसलो. आडवा पडलेला मासा सरळ झाला, तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. "सावकार, तुमाला रामराम करतोय बगा."

मालक आले. कारभाऱ्याने पाण्याचे खापर माझ्यावर फोडले. काकांनी तोंडावर खरे सांगितले, हंडेही दाखवले. मालकांनी जुन्या कारभाऱ्याचे ऐकले आणि काकांना कामावरून काढले.

आष्ट्यापर्यंत मीच त्यांना लॉरीतून सोडले. वाटेत मी शिव्या देत होतो, ते खिडकीतून ऊस बघत होते. "मासं जगलं न्हवं? मग झालं," म्हणाले. पुढे मळ्यात राहून ते सुखाने गेले.

त्यांचे झाले, माझे नाही. तो कारभारी अजून साताऱ्यात पान चघळत मिरवतो. त्याने चारचौघांत उभे राहून सांगावे: हंडे कोणी भरले, आणि मासे वाचवणाऱ्याला घालवताना तो खोटे का रेटत राहिला?