लाजरे साडू

माझ्या साडूंइतका मनापासून लाजणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. अकोल्याच्या एका कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवतात आणि चिकित्सक सिद्धांत हा त्यांचा जीव की प्राण. बाजार आणि करमणूक आपल्याला गुदगुल्या करत करत गुमान बसायला कसं शिकवतात, ते हा सिद्धांत उघडं करतो. बाकीचे प्राध्यापक तो शिकवतात आणि घरी जाऊन मालिका बघतात. आमच्या साडूंना मात्र तो लागला. घरात नवा फ्रिज आला तेव्हा आठवडाभर ते त्याच्याकडे पाठ करून जेवले. शर्टावरचं कंपनीचं चिन्ह दिसू नये म्हणून तो उलटा घालून अमरावतीला आमच्या वास्तुशांतीला आले. एकदा टीव्हीवरच्या विनोदाला खो खो हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवून म्हणाले, "हे माहं हसू नोहे भाऊ. माह्याकडून हसवून घेऊन राहिले हे लोक."

पंचाईत झाली ती त्यांच्या मुलीची. ती नाचते, आणि सुरेख नाचते. शाळेपासून तिच्या एकाही कार्यक्रमाला साडू गेले नाहीत. "थे नाचून नाही राहिली, तिले नाचवून राहिले," म्हणायचे आणि पुस्तकात डोकं घालायचे. गेल्या हिवाळ्यात टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेची निवड अमरावतीत होती. पोरगी आमच्याकडे उतरली. सभागृहात शिरताना तिनं विचारलं, "काका, बाबा येतीन का?" मी उगाच जाहिरातींचे फलक वाचत राहिलो.

ती रंगमंचावर आली आणि मागून कुणीतरी सणसणीत शिट्टी मारली. वळून बघतो तर साडू! डोक्यावर प्रायोजकांनी वाटलेली कागदी टोपी, आणि डोळ्यांतून धारा. तिची निवड काही झाली नाही. बाहेर येऊन ती बापाला बिलगली, तेवढ्यात एक कॅमेरावाला धावत आला. "सर, परत एकदा रडता का? फोकस गेला होता."

साडू कानापर्यंत लाल झाले. टोपी काढून त्यांनी मुलीचा चेहरा झाकला आणि तिला घेऊन तडक रिक्षात बसले. मीही मागोमाग चढलो.

बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट बघताना मुलगी पाणी आणायला गेली. साडू खाली मान घालून बसले होते.

"लाज वाटून राहिली का?" मी हसत विचारलं.

"लय वाटून राहिली," ते म्हणाले. मग हळूच, "भाऊ, थे कधीपासून इतकी चांगली नाचते?"

दरवर्षी आम्ही त्यांना तेच सांगत आलो होतो. मुलगी आली. तिच्या खांद्यावरची घुंगरांची पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली आणि गाडी येईपर्यंत मांडीवर धरून बसले.