मक्तेदाराची मुदत

समस्त जुन्नरकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, दिवाणी कोर्टाची उत्तरेकडची भिंत बोटभर कललेली आहे. हा शोध आमच्या पेठेतल्या एका गवंडी मक्तेदाराचा. माझ्या ओसरीवर आला तरी तो आधी भिंतीला ओळंबा लावी, मग मला रामराम करी. त्या दिवशी तर स्वतःचाच दावा चालू असताना त्याने कोर्टात ओळंबा सोडला. मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो.

दावा होता एका दुमजली घराच्या थकलेल्या पैशांचा. घरमालकाचा वकील म्हणाला, "काम पुरे होऊन तीन वर्षं उलटली. पैसे मागायची मुदत संपली. दावा काढून टाकावा."

आता सगळे पैसे बुडणार, असंच आम्हाला वाटलं. मक्तेदार मात्र ओळंबा गुंडाळत न्यायाधीशांना म्हणाला, "रावसाहेब, काम पुरं झालंच न्हाई. पैसं हातात पडंस्तवर मी मागल्या दाराची पायरी बसवीत नसतो."

"साफ खोटं!" वकील गरजला. "पायरी केव्हाच बसवली आहे!"

तेवढ्यात त्याच्यामागे बसलेला घरमालकच उसळून ओरडला, "कुठं बसवली, वकीलसाहेब? चार पावसाळं उडी मारून उतरतोय मी!"