चंद्राचे पट्टे आणि भोसरीची वाळू

साहेबांनी मला फसवलं. एका शब्दाने फसवलं.

चाकणच्या एका कंपनीत ते इन्स्पेक्टर होते. माझ्या भोसरीच्या फाउंड्रीत ओतकामाचे वाळूचे साचे तपासायला यायचे. एक डोळा मिटून वाळूला जवळजवळ गाल टेकवायचे आणि म्हणायचे, "राव, वाळूला पोट आलंय." झालं, केसभर फुगवट्यासाठी साचा मोडा! अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

निवृत्त झाल्यावर एकदा दिघीहून स्कूटरवर आले, गळ्यात दुर्बीण. "पौर्णिमेचा चंद्र पाहिलात? एका खड्ड्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे पांढरे पट्टे आहेत. दगड आदळला, माती उडाली, मान्य. पण सगळीकडे सारखी का नाही उडाली? मला वाळू द्या, एक पोलादी गोळा द्या."

"मला काय मिळणार?"

"पट्टे उठले तर आधी तुमचं नाव घेईन."

सौदा पक्का.

रोज संध्याकाळी शेडमध्ये शिडीवरून गोळा पडायचा. त्याआधी साहेब पट्टी फिरवून वाळू आरशासारखी करायचे. धप्प! गोल खड्डा, भोवती गोल कडं. पट्ट्यांचा पत्ता नाही. पुन्हा गाल, पुन्हा पट्टी. कामगार हसायचे, "साहेब, चंद्रच रिजेक्ट करून टाका!"

एकदा माझा पारा चढला. "सपाट, सपाट! चंद्रावर कोण गेलं होतं पट्टी फिरवायला?" असं ओरडत मी वाळूत दोन्ही हात खुपसले, खळगेच खळगे केले. शिडीवरून साहेबांनी चिडून गोळा सोडला.

धप्प! वाळूचे फवारे सुटले आणि चहूकडे लांबच लांब पट्टे!

"अहो, आरे! आरे!" साहेब उतरले की पडले, कळलंच नाही. आम्ही एकमेकांना धरून नाचलो. त्यांच्या मिशीत वाळू, माझ्या चहात वाळू.

"सपाट वाळू सगळीकडे सारखीच उडते," ते धापा टाकत म्हणाले. "खळग्यांचे उतार तिला एकत्र आणतात, तिची धार होते, धारेचा पट्टा. चंद्र तरी कुठे सपाट होता!"

आता ते नागपूरला लेकीकडे असतात. संध्याकाळी मीच गोळा टाकतो, मीच "आरे! आरे!" ओरडतो. मजा येत नाही.

परवा त्यांचा व्हिडिओ आला. शाळेचं मैदान, खळग्यांची वाळू, पट्टे, टाळ्या. एका मुलीने विचारलं, "आजोबा, हे कळलं कसं?"

साहेब हसून म्हणाले, "योगायोगाने."

मी योगायोग? जिवंत, शिव्या देणारा, फाउंड्रीचा मालक योगायोग? फोन केला तर म्हणतात, "पुढच्या वेळी सांगतो, राव."

पुढच्या वेळी नाही, साहेब. त्याच मुलांपुढे उभे राहा आणि सांगा: वाळूत हात कोणी घातले होते?