ओटीतलं मशीन

परोपकारी बायकांचा विषय निघाला की माझं डोकं अजून फिरतं. त्यांनी काही केलं नाही असं नाही. केलं, म्हणूनच तर फिरतं.

सोलापुरात आमच्या पेठेतल्या वकिलीणबाईंनी महिला मंडळ काढलं होतं. दळायला बसण्याआधी प्रत्येकीनं रोज मूठभर ज्वारी बाजूला काढायची, महिनाअखेर सगळ्यांची मडकी एका पोत्यात रिकामी करायची आणि ते पोतं बाजारात विकायचं. नवऱ्यापुढे हात न पसरता बायकांनी असं साठवून शिवणाचं मशीन घेतलं. पहिलं मशीन माझ्या आत्याला द्यायचं ठरलं, आणि ते योग्यच होतं. आत्या विधवा होऊन लेकीला घेऊन आमच्याकडे, म्हणजे भावाच्या दारी आली होती. हातशिलाईची पोलकी शिवायची. भाकरी कमी खाऊन तिनंही मंडळाला मूठ दिली होती.

तिची लेक माझ्याच वर्गात होती. माझ्या वडिलांनी तिच्यासाठी बार्शीचा एक बिजवर बघून ठेवला होता, त्याची थोरली मुलगी हिच्याच वयाची! आत्यानं मात्र मनाशी पक्कं केलं होतं. गिरणीमागच्या एका विणकर बाईनं तिला खोली द्यायचं कबूल केलं होतं.

"मशीन आलं की आम्ही दोघी तिकडे जाणार," ती मला म्हणाली. "मग पोरीचं लग्न कधी करायचं ते मी ठरवीन."

आणि शहाण्या बायकांनी काय करावं? मशीन द्यायचा समारंभ वकिलीणबाईंकडच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला ठेवला. सगळ्या आयत्याच जमतात, पुन्हा बोलवायला नको, एवढा सोपा हिशेब. जिला द्यायचं तिला हळदीकुंकवात पाऊल टाकता येत नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा पन्ह्याचे पेले फिरत होते. आत्या लाल आलवणात मागच्या अंगणात कैऱ्या किसत बसली होती.

थोडी कुजबुज झाली. मग मशीनला हळदकुंकू वाहिलं, आणि आत्याच्या घरचीच सवाष्ण म्हणून माझ्या आईला पाटावर बसवून मशीनसकट तिची ओटी भरली. टाळ्यासुद्धा वाजल्या.

हमालानं मशीन डोक्यावर घेतलं आणि विचारलं, "कुनाचं म्हनायचं हे? कुटं न्यायचं?"

आम्हाला न्यायला आलेल्या वडिलांनी स्वतःचं नाव सांगितलं.

आत्यानं रात्रभर वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "वहिनी, उद्या मी हे खोलीवर नेते हं."

आई घाबरली. ओटीत आलेलं वाण विधवेला दिलं तर आपल्या कुंकवावर येईल, असं तिला खरंच वाटत होतं. वडिलांना तसलं काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त सोय दिसत होती.

"मशीन घरातच आहे की," ते म्हणाले. "शीव हवं तेवढं. पण घराबाहेर जायचं नाही ते."

मी तणतणत वकिलीणबाईंकडे गेले. त्यांना वाईट वाटलं, अगदी डोळे पुसले त्यांनी. "पण बाळ, एकदा ओटीत घातलेलं परत कसं मागायचं?"

त्यापेक्षा त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या ओल्या डोळ्यांचा मला आजही संताप येतो.

खोली दुसऱ्या कुणाला गेली. बार्शीकरांना होकार कळवला गेला. लेकीचं लग्नातलं पोलकं आत्यानं त्याच मशीनवर शिवलं, तेही बसण्याआधी आईला विचारून.

लग्नाला अख्खं मंडळ आलं. नवरीच्या खांद्यावरची शिवण बोटानं चाचपत वकिलीणबाई बायकांना म्हणाल्या, "बघा, किती सफाई आहे! आपल्या मंडळाचं चीज झालं."

मी त्यांच्या हातातलं कुंकवाचं तबक उडवलं. मांडवातच आईनं मला बदडलं. आतेबहीण तेवढी मुंडावळ्या सावरत माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिला अंतरपाटामागे नेलं.