एलाफचं भाषण आणि टाइनचं पाणी

एलाफ गावात कातडी कमवायचा आणि स्वतःची फजिती रंगवून सांगायचा. दोन्हींचा वास सारखाच, असं तोच म्हणे.

त्या वर्षी अँड्र्यू संताच्या नावाने आरोळ्या ठोकत स्कॉट लोक टाइन नदीच्या उत्तरेला घुसले. लगेच इंग्रजांच्या राजाचा माणूस नदीअलीकडच्या या गावात हजर! "चला लढायला, नदीपलीकडे! कथबर्ट संताचं निशाण आहे आपल्यापुढे."

एलाफ बिअरच्या पिंपावर चढला. "आम्ही कथबर्टची माणसं. त्याची शवपेटी राखायची, एवढीच आमची चाकरी. लढायला टाइन ओलांडणार नाही. वाडवडिलांपासूनचा हक्क आहे!"

गावाने टाळ्या पिटल्या. राजाचा माणूस चरफडत निघून गेला. एलाफची छाती फुगली होती. उतरताना मात्र त्याने पिंपाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, ते फक्त संताने पाहिलं.

घरी बायको, गुन्हिल्ड, कंबरेवर हात ठेवून उभी होती. "झाली अक्कल पाजळून? अहो, लेक कुठं दिलीय आपण?"

सिरिथ! नदी ओलांडली की पहिलंच गाव. नववा महिना, नवरा राजाच्या फौजेत. 

कुऱ्हाड घेऊन एलाफ नदी पायी ओलांडायच्या उतारावर धावला. तिथे थॉर्फिन लोहार नि दहाबारा जण पहाऱ्याला बसले होते. पलीकडे धूर दिसत होता.

"कुठं निघालास, एलाफदादा?" थॉर्फिन म्हणाला. "आपण टाइन ओलांडत नाही ना? सकाळीच पिंपावरून कळलं."

सगळे खो खो हसले. 

"कसला संत नि कसला हक्क! भ्यालो होतो रे मी," एलाफ रडकुंडीला येऊन म्हणाला. "पोर आहे माझी तिकडं. येताय तर या, नाहीतर मी चाललो."

हसू थांबलं. थॉर्फिन खाली मान घालून जोडे काढू लागला. "आम्ही तरी काय हक्कासाठी टाळ्या वाजवल्या होत्या?"

सिरिथला त्यांनी घराचं दार उखडून त्यावर निजवून आणलं. अलीकडे पाय लागले आणि नातू झाला. जावई मात्र गावाने टाळलेल्या त्या लढाईतून परतला नाही.

पुढच्या वर्षी राजाचा माणूस पुन्हा आला. गावाने एलाफला ढकलून पिंपावर चढवलं. त्याने तेच भाषण ठोकलं, टाळ्याही तशाच पडल्या. बिनबापाच्या बाळाला कडेवर घेतलेल्या सिरिथने तेवढी टाळी वाजवली नाही, आणि एलाफला पिंपावरून खाली उतरायचा धीर होईना.